परकी तोफ, स्वकीय गोळा : अल्पपल्ल्याच्या हवाई संरक्षणाचा एक ऐतिहासिक विचार

१

शस्त्रास्त्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे खरेदीच्या करारावर सारे लक्ष एकवटते. करार कोणत्या साली झाला, रक्कम किती ठरली, कोणत्या राष्ट्राने कोणत्या अटीवर माल दिला, ह्याची चर्चा तपशिलाने होते. ते शस्त्र पुढे किती वर्षे जगले, कोणी जगविले आणि कशाच्या बळावर, हे प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतात. किंबहुना ते विचारलेच जात नाहीत. वस्तुतः शस्त्राचा खरा इतिहास कराराच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरता घेतला आहे. चालकविरहित विमानांच्या, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र ड्रोन म्हणतात त्यांच्या, हल्ल्यापासून बचाव करण्यासाठी युद्धकाळात वापरली गेलेली, परदेशातून मिळालेली अल्पपल्ल्याची विमानविरोधी साधने हे ते क्षेत्र होय. अल्पपल्ला म्हणजे येथे स्थूलमानाने दहा-बारा किलोमीटरांच्या आतील टापू समजावा.

अशा कोणत्याही साधनाची तीन अंगे असतात. पहिले अंग तोफ किंवा क्षेपक. दुसरे अंग तिची दृष्टी, म्हणजे लक्ष्य शोधणारे रडार आणि नेम कोठे धरावा ह्याचे गणित करणारे यंत्र. तिसरे अंग गोळा. ह्या तिन्ही अंगांचे आयुष्य अगदी भिन्न असते. चांगली निगा राखली तर तोफ साठ वर्षे टिकते. दृष्टी वीस-पंचवीस वर्षांत कालबाह्य होते. गोळ्यांचा साठा काही दिवसांच्या युद्धात संपू शकतो. खरेदीच्या वेळी मात्र ह्याच्या नेमका उलट क्रम दिसतो. तोफेचे नाव सर्वतोमुखी होते आणि गोळ्याचा विचार शेवटी येतो. परकी साधनांवर उभ्या असलेल्या संरक्षणाचे यशापयश ह्या विसंगतीतून समजून घेता येते, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने पाहता हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. हा कापसाचा प्रदेश. बेंबळा प्रकल्पाचे धरण ह्याच तालुक्यात खडकसावंगा येथे आहे. पश्चिमेची सीमा येथून आठ-नऊशे किलोमीटरांवर आहे. तथापि वर्धा नदीच्या पलीकडे, ह्या तालुक्यापासून फार दूर नाही अशा अंतरावर, पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. तिसऱ्या अंगाचा इतिहास लिहावयाचा तर तो अशाच ठिकाणांहून लिहावा लागेल. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळू.

२

चालकविरहित विमानांविरुद्धचे पहिले मोठे युद्ध विसाव्या शतकातच झाले. १३ जून १९४४ रोजी जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्ब लंडनवर पडू लागले. ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने, तुलनेने कमी उंचीवरून, सरळ रेषेत येणाऱ्या ह्या यंत्रांपुढे ब्रिटिश तोफखाना आरंभी हतबल ठरला. तोफा पुष्कळ होत्या, तोफचीही अनुभवी होते. उणीव दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगांत होती.

जुलैच्या मध्यास दोन गोष्टी घडल्या. लंडनभोवतीच्या तोफा हलवून दक्षिण किनाऱ्यावर मांडण्यात आल्या. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेली एससीआर-५८४ ही रडारे, नेमाचे गणित करणारी विद्युत्-यंत्रे आणि लक्ष्याजवळ येताच आपोआप फुटणारे फ्यूज ह्यांचा एकत्र वापर सुरू झाला. ह्या फ्यूजची मूळ कल्पना ब्रिटिशांची, परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अमेरिकेचे. ऑगस्टअखेर किनाऱ्यावरील तोफांच्या टप्प्यात येणाऱ्या बॉम्बांपैकी बहुसंख्य पाडले जाऊ लागले.

ह्या प्रसंगाचे तात्पर्य असे की परकी साहाय्याने ब्रिटनला तोफ मिळाली नाही. मिळाली ती दृष्टी आणि मिळाला तो गोळा. शिवाय हे साहाय्य अखंड पुरवठ्याच्या हमीसह आले, कारण देणारे राष्ट्र त्याच युद्धात उतरलेले होते. पुढील काळात ज्या राष्ट्रांनी परदेशांतून विमानविरोधी साधने घेतली, त्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला अशी हमी आली.

३

भारताच्या अनुभवाचा विचार करताना महाराष्ट्रातील देवळालीचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. तोफखान्याची शिक्षणसंस्था १९४१ मध्ये काकुलहून देवळालीस आली. विमानविरोधी तोफखान्याचे शिक्षण स्वातंत्र्योत्तर काळात दीर्घकाळ येथेच चालले आणि १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपाळपूर येथे गेले. १० जानेवारी १९९४ रोजी हवाई संरक्षणाचे दल तोफखान्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र झाले. परकी तोफ हाताळणारे दोन-तीन पिढ्यांचे सैनिक अशा प्रकारे नाशिकच्या माळावर घडले. हेही एक चौथे अंग मानता येईल. ते विकत मिळत नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हवाई संरक्षणाच्या बाबतीत भारताने पाश्चात्त्य राष्ट्रांकडे पाहिले. नोव्हेंबर १९६३ मध्ये ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या हवाई दलांनी भारतात ‘शिक्षा’ नावाचा संयुक्त सराव केला. अमेरिकी रडारांचे साहाय्यही ठरले. तथापि सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटताच अमेरिका व ब्रिटन ह्यांनी उभय पक्षांचा शस्त्रपुरवठा थांबविला. साहाय्य शांततेच्या काळात येते आणि ज्या दिवशी त्याची निकड लागते त्याच दिवशी ते थांबू शकते, हा धडा भारतीय धोरणकर्त्यांना तेव्हा प्रत्यक्ष मिळाला. ६ सप्टेंबर १९६५ च्या सायंकाळी पठाणकोट विमानतळावर पाकिस्तानी सेबर विमानांनी हल्ला करून दहा विमाने जमिनीवरच नष्ट केली. त्या वेळी आपल्या विमानविरोधी दलाची भिस्त मुख्यतः महायुद्धकालीन ४० मि.मी. एल-६० ह्या बोफोर्स तोफेवर होती आणि तिचा नेम तोफचीच्या डोळ्यावर अवलंबून असे.

ह्याच दशकात स्वीडनची एल-७० तोफ भारतात आली. बोफोर्स हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात २४ मार्च १९८६ चा ४१० हॉवित्झर तोफांचा करार आणि त्यामागोमाग उठलेले वादळ उभे राहते. एल-७० ही त्याहून निराळी आणि त्याच्या कितीतरी आधीची तोफ होय. १९५३ मध्ये नाटो राष्ट्रांनी तिला प्रमाण तोफ म्हणून मान्यता दिली होती. तिच्या नळीचा व्यास ४० मि.मी. आणि लांबी व्यासाच्या सत्तरपट, म्हणजे २.८ मीटर. ‘एल-७०’ ह्या नावाचा अर्थ हाच. गोळा नळीतून सेकंदास सुमारे १००० मीटर वेगाने सुटतो, मिनिटाला २४० व सुधारित रूपात ३०० च्या आसपास गोळे झाडले जातात आणि परिणामकारक पल्ला साडेतीन-चार किलोमीटर असतो. भारताने अशा हजाराहून अधिक तोफा बाळगल्या.

परंतु ही तोफ ‘स्वीडिश’ म्हणावी काय? तिची दृष्टी आरंभी स्वित्झर्लंडच्या सुपर फ्लेडरमाउस रडाराने पुरविली. पुढे हॉलंडच्या फ्लायकॅचर रडाराचे उत्पादन परवान्याखाली भारत इलेक्ट्रॉनिक्सने केले. तोफेचे उत्पादन जबलपूरच्या निर्माणीत होऊ लागले आणि गोळे जबलपूरजवळील खमरियाच्या आयुध निर्माणीत भरले जाऊ लागले. अलीकडच्या काळात भारत इलेक्ट्रॉनिक्सनेच तिला दिवसा व रात्री पाहणारे कॅमेरे आणि लक्ष्याचा आपोआप माग काढणारी यंत्रणा बसविली. नाव व आराखडा स्वीडनचा राहिला. दृष्टी दोनदा-तीनदा बदलली. गोळा मात्र प्रारंभीच्या काळापासून देशात तयार होत राहिला. सोव्हिएत रशियाच्या झेडयू-२३ ह्या जुळ्या नळ्यांच्या आणि शिल्का ह्या चार नळ्यांच्या, स्वतःचे रडार बाळगणाऱ्या फिरत्या तोफेलाही कालांतराने अशीच नवी दृष्टी देण्यात आली.

दृष्टीचे महत्त्व एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. इराणी बनावटीचे शाहेद हे चालकविरहित विमान सुमारे साडेतीन मीटर लांब असून ताशी सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५० मीटर वेगाने उडते. तीन किलोमीटरांवर असताना त्यावर झाडलेल्या गोळ्यास तेथे पोचण्यास किमान तीन सेकंद लागतात. हवेच्या रोधामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. तेवढ्या अवधीत ते दीडशे मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. अर्थात जेथे लक्ष्य दिसते तेथे नेम धरून भागत नाही. ते जेथे असणार तेथे धरावा लागतो. साडेतीन मीटरांच्या लक्ष्यासाठी हे भाकीत अचूक करणे मानवी डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून दृष्टी बदलली नसती तर हीच तोफ आज केवळ संग्रहालयात शोभली असती.

४

दुसरे आणि तिसरे अंग निकामी ठरले तर काय होते, ह्याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत.

पहिले उदाहरण २०२० च्या शरद ऋतूतील नागोर्नो-काराबाखच्या युद्धाचे. आर्मेनियाकडे सोव्हिएत बनावटीची ओसा ही अल्पपल्ल्याची क्षेपणास्त्रे होती. ज्या विमानांच्या काळात ती घडविली गेली, त्या विमानांच्या तुलनेत तुर्की व इस्रायली बनावटीची चालकविरहित विमाने लहान व संथ होती आणि जुन्या रडारांस त्यांचा माग काढणे कठीण होते. अझरबैजानने ह्या क्षेपकांपैकी कित्येक हवेतूनच उद्ध्वस्त केले आणि त्यांची चित्रे जगभर प्रसिद्ध केली. तेथे क्षेपक होते, क्षेपणास्त्रे होती. दृष्टी मागील पिढीची होती.

दुसरे उदाहरण युक्रेनचे. २०२२ च्या एप्रिलमध्ये जर्मनीने आपल्या सेवेतून निवृत्त झालेल्या गेपार्ड ह्या जुळ्या ३५ मि.मी. तोफांच्या फिरत्या गाड्या युक्रेनला देण्याचे ठरविले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत शाहेद विमानांचे हल्ले सुरू झाले तेव्हा ह्या जुन्या तोफा अनपेक्षितपणे फार उपयुक्त ठरल्या. महागडे क्षेपणास्त्र स्वस्त चालकविरहित विमानावर खर्च करणे परवडणारे नव्हते; तोफेचा गोळा परवडणारा होता. पण गोळ्यांचे मूळ उत्पादन स्वित्झर्लंडचे. स्विस कायद्यानुसार युद्धमान राष्ट्रास शस्त्रसाहित्याची पुनर्निर्यात करता येत नाही. म्हणून जर्मनीजवळ असलेले स्विस गोळेदेखील युक्रेनला देण्यास त्या देशाने अनुमती नाकारली. अखेरीस जर्मनीतील ऱ्हाइनमेटाल कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये करार करून नवे उत्पादन उभारले आणि पहिले गोळे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोचले. निर्णयापासून तोवर सुमारे सतरा महिने लोटले होते. ह्याच काळात लिथुएनियाने आपल्याजवळील काही डझन एल-७० तोफा गोळ्यांसह युक्रेनला दिल्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

स्विस तटस्थतेवर टीका करणे हा येथे हेतू नाही. प्रत्येक राष्ट्रास आपले धोरण ठरविण्याचा अधिकार आहे आणि ते बदलूही शकते. दोन शतके तटस्थ राहिलेला स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी नाटोचा सदस्य झाला. मुद्दा एवढाच की घेणाऱ्या राष्ट्राच्या युद्धाचे वेळापत्रक आणि देणाऱ्या राष्ट्राच्या धोरणाचे वेळापत्रक ही दोन स्वतंत्र असतात.

५

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. भारतीय हवाई तळावर चालकविरहित विमानांचा पहिला हल्ला २७ जून २०२१ रोजी जम्मू येथे झाला होता. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाल्यानंतर पाकिस्तानने ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० चालकविरहित विमाने पाठविली आणि प्राथमिक तपासणीत ती तुर्की बनावटीची सोंगार विमाने असल्याचे दिसले, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. युद्धकाळातील आकडे एका पक्षाचे असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. परंतु त्यांचा प्रतिकार करताना एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का ह्या जुन्या तोफांचा सढळ वापर झाला, आणि विविध रडारांची माहिती एकत्र करणारी भारत इलेक्ट्रॉनिक्सची ‘आकाशतीर’ ही यंत्रणा त्यांच्यामागे होती, ह्याविषयी वाद नाही. १० मे रोजी गोळीबार थांबला.

ह्या घटनेचे दोन सुलभ अर्थ लावले गेले. एक असा की परदेशातून घेतलेल्या शस्त्रांनी देश वाचविला. दुसरा असा की स्वदेशीचा विजय झाला. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. तोफा परकी आराखड्याच्या होत्या हे खरे. पण १९६० च्या दशकात आल्या त्या स्थितीत त्या राहिल्या असत्या तर रात्रीच्या अंधारात निष्प्रभ ठरल्या असत्या. उलटपक्षी ही केवळ स्वदेशी निर्मितीची कथाही नव्हे. परक्या वस्तूचा साठ वर्षे केलेला सांभाळ हे तिचे खरे स्वरूप आहे. शोध आणि खरेदी ह्यांचा गौरव होतो; सांभाळाचा होत नाही. पण त्या रात्री उपयोगी पडला तो सांभाळ.

ह्या सांभाळाचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. हवाई दलाने आयुर्मर्यादा संपत आलेली रशियन हवाई क्षेपणास्त्रे जमिनीवरून सोडता येतील अशी ‘समर’ नावाची व्यवस्था तयार केली. तिच्या निर्मितीत नाशिकजवळील ओझर येथील ११ क्रमांकाच्या दुरुस्ती आगाराचा वाटा आहे. विमानासाठी घेतलेले परकी अस्त्र विमानाविरुद्ध जमिनीवरून वापरण्याची ही कल्पना दुरुस्तीच्या कारागिरांनाच सुचू शकते, हे विशेष. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने बनविलेल्या ‘भार्गवास्त्र’ ह्या चालकविरहित विमानांच्या थव्याविरुद्धच्या लघु अग्निबाणांची चाचणी १३ मे २०२५ रोजी गोपाळपूर येथे झाली, हा ह्या इतिहासातील पुढील टप्पा होय.

६

आता तिसऱ्या अंगाच्या भूमीकडे वळू. दारूगोळ्याच्या उत्पादनाची आणि साठवणुकीची केंद्रे विदर्भात एकवटली आहेत. पुलगावचे भांडार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. १९६२ नंतरच्या दशकात भंडारा, भद्रावतीनजीकची चांदा आणि नागपूरची अंबाझरी ह्या आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचे नागपुरात आले. ही ठिकाणे निवडण्यामागचा एक प्रमुख विचार उघड आहे : देशाचा मध्यभाग, सीमेपासून दूर, रेल्वेने चहूकडे जोडलेला.

ह्या भूमीने त्याचे मोलही दिले आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागून अधिकारी, जवान व अग्निशामक कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जणांचा मृत्यू झाला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथेच जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मरण पावले; त्यांत आसपासच्या गावांतील रोजंदारीवर काम करणारे मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीतील स्फोटात आठ कामगार दगावले. सीमेवरील तोफचीच्या नावाची नोंद पदकांच्या यादीत होते. नदीकाठच्या गावातून पेट्या उतरविण्यास गेलेल्या मजुराची नोंद पोलीस ठाण्यात होते. हवाई संरक्षणाच्या इतिहासात दोघांनाही स्थान असले पाहिजे.

गोळा देशात बनतो म्हणून तो निर्दोष असतो असेही नव्हे. २०१७ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दारूगोळ्याच्या अनेक प्रकारांचा साठा अपुरा असल्याचे दाखवून दिले. २०१९ मध्ये निकृष्ट दारूगोळ्यामुळे होणाऱ्या अपघातांविषयी सैन्याने केलेल्या तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. त्यांत ४० मि.मी. एल-७० तोफेचाही उल्लेख होता. परकी पुरवठा बंद पडण्याचा धोका एका दिवसात समजतो. देशी पुरवठ्याचा दर्जा घसरण्याचा धोका वर्षानुवर्षे लपून राहतो आणि नेमका युद्धात, किंवा सरावाच्या मैदानावर, उघडा पडतो. म्हणून स्वावलंबन हा शब्द उत्पादनापाशी थांबत नाही. तपासणी, साठवण आणि मुदतबाह्य मालाची सुरक्षित विल्हेवाट हे सारे त्यात अंतर्भूत होते.

ह्याहून गंभीर प्रश्न अंतराचा आहे. शाहेदसारख्या विमानांचा पल्ला हजार किलोमीटरांहून अधिक सांगितला जातो. सीमेपासूनचे आठ-नऊशे किलोमीटर हेच ज्या भूमीचे कवच होते, त्या भूमीस ते कवच ह्यापुढे पुरेसे राहील असे गृहीत धरता येत नाही. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलशुद्धीकरण केंद्रावर चालकविरहित विमाने व क्षेपणास्त्रे ह्यांचा हल्ला झाला, तेव्हा त्या देशाजवळ अमेरिकेची दीर्घपल्ल्याची महागडी क्षेपणास्त्रे होती. जवळच्या, खालून येणाऱ्या लक्ष्यासाठीची व्यवस्था तोकडी पडली. पिछाडी आणि आघाडी हा भेद ज्या पिढीने पाठ्यपुस्तकात शिकला, तिलाच तो पुसट होताना पाहावा लागत आहे. भांडारापासून काही कोसांवर शेती करणाऱ्या बाभुळगावच्या कुटुंबास हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही.

७

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, परकी हवाई संरक्षण साधनाचे मूल्य त्याच्या तोफेवरून नव्हे, तर त्याची दृष्टी बदलण्याचे आणि त्याचा गोळा बनविण्याचे सामर्थ्य घेणाऱ्या राष्ट्राने किती लवकर आत्मसात केले ह्यावरून ठरवावे. दुसरा, युद्धकाळातील परावलंबन तोफेपेक्षा गोळ्यात आधी जाणवते. म्हणून कराराच्या चर्चेत गोळ्यास अग्रस्थान मिळाले पाहिजे. तिसरा, गोळा जेथे बनतो व साठविला जातो ती भूमी आता संरक्षणाची केवळ साधनसामग्री पुरविणारी राहिलेली नाही. ती स्वतःच संरक्षणीय झाली आहे.

आपल्या विद्यापीठांतून युद्धेतिहासाचे जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत रणांगणे विपुल आहेत. भांडारे, निर्माण्या व दुरुस्तीची आगारे जवळपास नाहीत. पुलगाव, भंडारा, भद्रावती व ओझर येथे दोन-तीन पिढ्या काम केलेली माणसे आहेत. निवृत्त कामगारांच्या स्मृती, भूसंपादनाचे कागद, तालुक्याच्या कचेरीतील नोंदी आणि स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक ही सामग्री विदर्भातील विद्यार्थ्याच्या हाताशी आहे. स्वीडनमध्ये आराखडा झालेली तोफ साठ वर्षांनी पंजाबच्या आकाशात का चालली, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या सामग्रीत दडलेले आहे. आणि ज्यांनी ती चालती ठेवली ती माणसे हयात आहेत तोवरच ते मिळविता येईल.